दम खाणारी माणसं

दिवाळीत आम्ही सगळे मामाकडे कराडला जमलो होतो. फराळ झाला, दुपारची झोप झाली, पत्त्यांचे दोन डाव झाले आणि मग आमच्याकडे नेहमी होतं तेच झालं. सिनेमावरून भांडण!

या वेळी सुरुवात केली मावसभावाच्या चिरंजीवांनी. वय वर्षं एकोणीस. रोज दोन वेळा जिम, चार उकडलेली अंडी आणि जगातल्या यच्चयावत विषयांवर ठाम मतं. त्याचं म्हणणं असं, की अभिनय बघायचा तर खेळावरच्या सिनेमात नाहीतर क्राईम थ्रिलरमध्ये बघावा, कारण तिथे नटाला खरी मेहनत करावी लागते. पुरावे तयारच होते. 'दंगल'साठी (२०१६) आमिर खानने वजन नव्वद किलोंच्या वर नेलं आणि तरुणपणीच्या प्रसंगांसाठी परत उतरवलं. 'भाग मिल्खा भाग'साठी (२०१३) फरहान अख्तरने शरीर कमावलं. आणि शेवटी हुकमाचं पान : 'रेजिंग बुल' (१९८०) मधला रॉबर्ट डी नीरो. बॉक्सरचा उतारवयातला सुटलेला देह दाखवायचा म्हणून शूटिंग थांबवलं आणि पठ्ठ्याने साठेक पौंड, म्हणजे सत्तावीस किलो वजन वाढवलं. ऑस्करही घेतलं.

"याला म्हणतात अ‍ॅक्टिंग, आत्या!" इति चिरंजीव.

मी काही बोलणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून मामा म्हणाला, "पळायला काय, कुत्रं मागं लागलं की कुणीबी पळतंय. पळून झाल्यावर गडी दम कसा खातो ते बघावं."

एवढं बोलून त्याने पुन्हा पेपर वर धरला. विषय संपला त्याच्यापुरता. माझ्यापुरता मात्र तिथे सुरू झाला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मामाबद्दल थोडं. आमच्या नातेवाइकांपैकी जे हे वाचतात त्यांना माहीत आहेच, बाकीच्यांसाठी सांगते. कॉलेजात असताना मामा लांब पल्ल्याचं पळायचा. पाच हजार मीटर. जिल्ह्यात नाव होतं म्हणे. मग आजोबा गेले, नोकरी धरावी लागली आणि पळणं सुटलं ते सुटलंच. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात प्रमाणपत्रं आणि दोन-चार पदकं आहेत, एवढं आम्हा भाचरांना ठाऊक. ती ट्रंक उघडलेली मी कधी पाहिलेली नाही.

तर मामाच्या त्या वाक्याचा मी माझ्यापुरता लावलेला अर्थ असा.

थ्रिलर आणि खेळावरचा सिनेमा, या दोन्हींत गोष्ट स्वतःच्या जोरावर पळत असते. एकीकडे प्रश्न असतो खून कुणी केला, सापडणार की सुटणार? दुसरीकडे प्रश्न असतो जिंकणार की हरणार? (खरं तर जिंकणार हे आपल्याला तिकीट काढतानाच माहीत असतं, तरीही शेवटच्या मिनिटाला आपण खुर्चीच्या कडेवर येऊन बसतोच.) प्रश्नाची ओढच एवढी असते की बेताचा नटसुद्धा त्यात तरून जातो. पळणारे पाय जवळून दाखवा, घाम दाखवा, मध्येच स्लो मोशन करा, मागे ढोल वाजवा, झालं काम. छातीत जी धडधड होते ती स्कोअरबोर्डची असते आणि श्रेय आपण देऊन टाकतो नटाला.

खरी परीक्षा सिनेमा दुसऱ्यांदा बघताना होते. खुनी कोण ते कळलेलं आहे, कोण जिंकलं ते पाठ आहे. आता आपण कशाची वाट बघतो? माझ्यापुरतं उत्तर शोधलं तर लक्षात आलं की मी ज्या प्रसंगांची वाट बघते त्यात कुणी पळत नसतं, कुणी गोळी झाडत नसतं. त्या प्रसंगांत माणसाच्या हातात करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. तो फक्त थांबलेला असतो. ऐकत असतो. दम खात असतो.

मराठीत 'दम खाणे' हा शब्दप्रयोग किती छान आहे बघा. धाप लागल्यावर श्वास घेणं म्हणजे दम खाणं, आणि जरा धीर धर, थांब, या अर्थीही आपण 'दम खा' असंच म्हणतो. मला वाटतं, या दोन प्रकारच्या सिनेमांतला उत्तम अभिनय या दोन अर्थांच्या मध्ये कुठेतरी असतो.

आता चिरंजिवांच्याच यादीतला 'दंगल' घ्या. शेवटची कुस्ती चालू आहे आणि महावीरला कुणीतरी एका खोलीत कोंडून ठेवलंय. आयुष्यभर ज्या क्षणासाठी जीव काढला तो क्षण त्याला दिसतच नाहीये. आणि मग बाहेरून राष्ट्रगीताचे सूर ऐकू येतात. त्याला कळतं. बस्स. तिथे त्या वाढवलेल्या वजनाचा काय उपयोग? एक माणूस फक्त ऐकतोय आणि ऐकता ऐकता त्याला सगळं मिळतंय. त्या सिनेमातला आमिर खानचा सगळ्यात चांगला प्रसंग कुठला असं मला विचाराल तर मी हाच सांगेन. (कुस्ती बघणाऱ्या जाणकारांनी हा कोंडण्याचा प्रकार खोटा आणि फिल्मी आहे अशी टीका केली होती, ती बरोबरच आहे. पण अभिनय खोटा नाही.)

'चक दे! इंडिया'मध्ये (२००७) सुद्धा तेच. मुली सगळ्या झकास आहेत. आपल्या कोल्हापूरची सागरिका घाटगे तर मुळात हॉकी खेळलेलीच. पण शेवटच्या पेनल्टी स्ट्रोकच्या वेळी बघा शाहरुख खानकडे. एरवी हात पसरून उभा राहणारा हा नट इथे मैदानाच्या रेषेबाहेर अडकलेला आहे. प्रशिक्षकाला चेंडू अडवता येत नाही. त्याला फक्त बघता येतं. ते बघणं त्याने असं केलंय की त्याच्या बाकीच्या पंचवीस सिनेमांतले संवाद त्यावरून ओवाळून टाकावेत.

आणि 'रेजिंग बुल'? तिथलंही हुकमाचं पान मला वेगळंच दिसतं. शेवटी तो जाड, थकलेला जेक आरशासमोर बसून 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) मधलं मार्लन ब्रँडोचं प्रसिद्ध भाषण म्हणतो. संधी हुकलेल्या एका बॉक्सरचं ते भाषण. डी नीरो ते जवळजवळ सपाट आवाजात म्हणतो. ना हुंदका, ना मूठ आपटणं. सत्तावीस किलो दिसतात सगळ्यांना, पण अंगावर काटा येतो तो त्या सपाट आवाजाने.

थ्रिलरकडे या. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) म्हटलं की सगळे अँथनी हॉपकिन्सचं नाव घेतात. घ्यावंच. दोन तासांच्या सिनेमात अगदी थोडा वेळ दिसतो आणि सिनेमा खाऊन टाकतो. पण तो भयंकर वाटतो कुणामुळे? समोर बसून त्याचं ऐकणाऱ्या जोडी फॉस्टरमुळे. घाबरलेली आहे, घाबरलेय हे लपवतेय, आणि लपवलेलं त्याला कळतंय हेही तिला कळतंय. एवढं सगळं फक्त ऐकताना! दोघांनाही ऑस्कर मिळालं, ते योग्यच झालं.

आपल्याकडे यायचं तर माझ्या यादीत पहिलं नाव 'अर्धसत्य' (१९८३). श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. ओम पुरी झालाय सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर. या सिनेमात मारहाण आहे, कोठडीतला मृत्यू आहे, शेवटी खून आहे. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? हॉटेलातल्या टेबलाशी बसून एक पोलीस कविता वाचतो ते. कविता दिलीप चित्र्यांची, समोर बसलीये स्मिता पाटील. वेलणकर सुरुवातीला सहज, जरा चेष्टेनेच वाचायला लागतो. मग त्याचा आवाज मंदावतो. आपण आपल्याबद्दलच वाचतोय हे त्याला ओळी-ओळीने कळत जातं आणि शेवटाला पोचेपर्यंत चेहऱ्यावरचा इन्स्पेक्टर गळून पडलेला असतो. आत नुसता एक मुलगा उरतो, बापाने दटावून पोलिसात भरती केलेला.

त्याच सिनेमात आपले सदाशिव अमरापूरकर रामा शेट्टी झालेत. आवाज न चढवणारा, हालचाल न करणारा खलनायक. वेलणकर दाणदाण पावलं टाकत येतो आणि हा गडी निवांत बसलेला. सत्ता कुणाकडे आहे हे सांगायला एकही संवाद लागत नाही. जो घाईत नाही त्याच्याकडे सत्ता! ओम पुरीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि अमरापूरकरांना फिल्मफेअर. दोघांनीही वजन वाढवलं नव्हतं हो! :)

आता कुणी म्हणेल, म्हणजे मेहनत फुकटच का? तसं नाही. जमीन नांगरल्याशिवाय पेरता येत नाही, हे कराडकडच्या माणसाला कुणी सांगायला नको. पण नांगरटीला आपण पीक म्हणत नाही एवढंच.

असो. तर त्या रात्री जेवणं झाल्यावर मी टीव्हीवर 'पानसिंग तोमर' लावला. (ज्यांनी अजून बघितला नसेल त्यांनी पुढचं वाचण्याआधी बघून यावं. खरंच.) माझ्या मते हा एकच सिनेमा असा आहे की जो अर्धा खेळाचा आहे, अर्धा गुन्हेगारीचा, आणि दोन्ही अर्धे एकाच माणसाच्या छातीत आहेत.

गोष्ट खरी. पानसिंग तोमर हा मध्य प्रदेशातल्या मोरेना जिल्ह्यातल्या भिडोसा गावचा. सैन्यात सुभेदार. स्टीपलचेसमध्ये सात वेळा राष्ट्रीय विजेता, १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत भारतातर्फे धावलेला. त्याच टोकियोत मिल्खासिंगने दोन सुवर्णपदकं घेतली. एकाच सैन्यातले, एकाच स्पर्धेत धावलेले हे दोन जवान. एक दंतकथा झाला. दुसरा निवृत्त होऊन गावी परतला, जमिनीच्या भांडणात अडकला, चंबळच्या बेहडात उतरला आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. तिग्मांशु धुलियाने त्यावर सिनेमा काढला. २०१० मध्ये तो महोत्सवात दाखवला गेला, आपल्याकडे थिएटरात लागला २०१२ मध्ये. पानसिंग झालाय इरफान खान.

स्टीपलचेस म्हणजे तीन हजार मीटरची शर्यत. वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. हर्डल्सच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला तर पडतो, इथला पडत नाही. धडकलात तर तुम्ही पडता. हे मला मामाने त्या रात्री सांगितलं. एरवी खेळावर एक अक्षर न बोलणारा माणूस!

इरफानने या शर्यतीसाठी तयारी केली होती आणि ती पडद्यावर दिसते. पण मी बघत होते ते मामाच्या नजरेने : हा दम कसा खातो? सुरुवातीचा पानसिंग हसरा आहे. सैन्यात पोटभर खायला मिळत नाही आणि खेळाडूंच्या खाण्याला मोजमाप नाही, म्हणून तो खेळाकडे वळतो. साहेबांच्या घरी आईस्क्रीम वितळायच्या आत पळत नेऊन देतो. त्याच्या धावण्यात कसलाही आव नाही, भुकेल्या पोराचं धावणं आहे ते. कुणी आईवरून शिवी दिली तर मात्र चेहरा बदलतो. तेवढाच एक क्षण, परत हसू. पुढे काय होणार आहे ते त्या एका क्षणात सांगून टाकलंय.

आणि मग तो ठाण्यातला प्रसंग. चुलत्यांनी जमीन बळकावलीय, मुलाला मारून अर्धमेला केलंय. पानसिंग ठाण्यात जातो. सोबत काय नेतो? पदकं आणि वर्तमानपत्रातली कात्रणं. आपण कोण आहोत हे सांगायला एवढंच आहे त्याच्याकडे. ठाणेदाराला स्टीपलचेस म्हणजे काय तेही माहीत नाही. तो ती पदकं भिरकावून देतो.

दुसऱ्या कुठल्याही नटाने इथे डोळे लाल केले असते. इरफान चिडत नाही, निदान लगेच नाही. त्याच्या चेहऱ्यावर आधी येतं ते न समजणं. जगाचा हिशोब एका पद्धतीने शिकलेला माणूस, आणि कुणीतरी येऊन सांगतंय की ती वहीच खोटी होती. तो बागी होतो तो बंदूक हातात घेतल्यावर नाही, इथेच.

हा प्रसंग चालू असताना मामा उठून आत पाणी प्यायला गेला. तांब्या-भांडं त्याच्या खुर्चीशेजारीच होतं.

पुढे गोळीबार आहे, अपहरणं आहेत, थ्रिलरमध्ये असायला हवं ते सगळं आहे. पण पत्रकाराला मुलाखत देणारा पानसिंग बघा. समोरचा माणूस (ब्रिजेंद्र काला, काय सुंदर घाबरलाय!) थरथरतोय आणि हा शांतपणे त्याचे शब्द दुरुस्त करतोय. डाकू नाही, बागी. देशासाठी धावत होतो तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आता सगळे नाव घेतात, हे तो सांगतो ते रडगाणं म्हणून नाही. त्याला त्यातली गंमत दिसलेली आहे. ती गंमत ऐकून आपल्यालाच कसंनुसं होतं.

आणि शेवटी वैरी हाताशी सापडतो. सूड पुरा होतो. इतर सिनेमांत इथे शिट्ट्या पडतात. इथे पानसिंग मेलेल्या माणसावर ओरडतोय, कारण त्याला जीव नको होता, उत्तर हवं होतं. मला मैदानावरून बेहडात का पळवलंस? उत्तर न देताच तो मेला. जिंकलेला धावपटू, आणि शर्यत संपतच नाहीये. त्या वेळची इरफानची धाप बघा. ती नुसती पळाल्याची धाप नाही.

सिनेमाच्या अखेरीला काही विसरलेल्या भारतीय खेळाडूंना मानवंदना आहे. कराडात बसून ती बघताना खाशाबा जाधव आठवल्याशिवाय कसे राहतील? त्यांचं गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, आणि दुसरं यायला १९९६ साल उजाडावं लागलं. खाशाबा पुढे पोलीस खात्यात नोकरीला लागले, १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी.

इथे मला वाटतं माझा आणि चिरंजिवांचा वाद फक्त सिनेमाचा राहत नाही. फीत तुटेपर्यंत आपण बघतो. श्वास रोखून बघतो. फीत तुटली की आपण उठतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. धावपटू तिथेच कमरेवर हात ठेवून उभा असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. नटाच्या फक्त घामाला आणि किलोंना दाद देणं हे त्यातलंच. चांगला नट आपल्याला फीत तुटल्यावरही थांबायला लावतो. इरफानने तेच केलं. एप्रिल २०२० मध्ये तो गेला तेव्हा जो तो त्याच्या डोळ्यांबद्दल लिहीत होता. मला त्याचं थांबणं आठवत होतं.

जाता जाता एक योगायोग सांगते. या भूमिकेसाठी इरफानला २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो विभागून. दुसरा अर्धा विक्रम गोखल्यांना, 'अनुमती' या मराठी सिनेमासाठी. त्यात एक म्हातारा नवरा आहे, बायको इस्पितळात शुद्धीशिवाय पडलेली आहे आणि तिचे उपचार थांबवायच्या कागदावर सही करायला तो तयार नाही. ना शर्यत, ना बंदूक. एक माणूस आयुष्यभर पळाला आणि एक माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिला, आणि दोघांना एकाच तराजूत तोललं गेलं. परीक्षक कोण होते मला ठाऊक नाही, पण मामाशी त्यांचं जमलं असतं.

सिनेमा संपला तेव्हा साडेबारा वाजले होते. कुणी फारसं बोललं नाही. चिरंजीवसुद्धा गप्प होते, ही आमच्या घरातली नोंद करण्यासारखी घटना.

सकाळी मी चहा घेऊन ओट्यावर आले तर मामा फिरून परत आला होता. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पण रोजचा नेम चुकत नाही. पायरीशी उभा होता, कमरेवर हात, मान जराशी खाली, तोंड मिटलेलं, नाकाने सावकाश श्वास घेत. चिरंजीव त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आजोबा, पाच हजारला तुमचं टायमिंग काय होतं?"

"सोळा मिनिटं बावीस सेकंद," मामा म्हणाला.

एक क्षणही आठवावं लागलं नाही त्याला. पन्नासच्या वर वर्षं झाली असतील. आणि एवढ्या वर्षांत आम्ही कुणी त्याला हे विचारलंच नव्हतं.